मदत हवी आहे: नाशिकच्या भूकंपधोक्याच्या गणितात डहाणू आणि कोयनेचे धक्के कसे धरावेत?

नमस्कार. मी नाशिकमध्ये स्ट्रक्चरल डिझाइनचे काम करतो. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे नाशिक तिसऱ्या भूकंप-विभागात येते आणि त्या विभागाचा गुणांक ०.१६ धरून रोजचे काम भागते. मात्र अनेक देशांचे राष्ट्रीय धोका-नकाशे ज्या संभाव्यता-पद्धतीने करतात, तीच वापरून ५० वर्षांत १० टक्के शक्यतेने ओलांडले जाईल असे जमिनीच्या हादऱ्याचे त्वरण, म्हणजेच ४७५ वर्षांच्या आवर्तनकाळाचे, नाशिकसाठी किती येते ते मला काढायचे आहे.

उत्तरेकडचे तापी आणि नर्मदेचे प्रस्तरभंग (खडकांतल्या सरकणाऱ्या भेगा) नकाशावर रेषा म्हणून घेता आले. आपल्या पायाखाली मात्र बेसाल्टचे थर आहेत आणि त्यांच्याखाली काय दडले आहे ते दिसत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला ६.२ क्षमतेचा भूकंप झाला, तेव्हा किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होते, हे विसरून चालणार नाही.

खरी अडचण नोंदींची आहे. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिच्यात एक मुख्य धक्का आणि त्यामागून येणारे लहान धक्के अशी रचनाच नाही, त्यामुळे मागून येणारे धक्के नोंदींतून वगळण्याची नेहमीची गाळणी तिथे लागू पडत नाही. सगळे धक्के ठेवले तर गुटेनबर्ग-रिश्टर रेषेचा (लहान धक्क्यांच्या तुलनेत मोठे किती होतात ते दाखवणाऱ्या रेषेचा) उतार तीव्र होऊन मोठ्या भूकंपाची शक्यता उलट कमी निघते; सगळे काढले तर तो स्रोतच नाहीसा होतो. शिवाय कोयनेचे धक्के धरणाच्या जलाशयाशी निगडित आहेत. ते यात मिसळावेत का?

प्रतिसाद:

मिसळू नका. कोयना आणि डहाणू हे दोन स्वतंत्र क्षेत्र-स्रोत (भूकंप कुठेही होऊ शकेल असे धरलेले प्रदेश) करा, नाहीतर कोयनेची वारंवारिता विनाकारण नाशिकपर्यंत पसरेल. डहाणूची कमाल क्षमता मालिकेतल्या मोठ्या धक्क्यावरून न ठरवता प्रदेशाच्या भूरचनेवरून ठरवा. त्याआधी नोंदी कोणत्या क्षमतेपासून आणि कोणत्या सालापासून पूर्ण आहेत ते तपासा, कारण जवळ यंत्रे बसली की लहान धक्के एकाएकी वाढल्यासारखे दिसतात. पेठ, सुरगाणा, कळवण भागातल्या बारीक धक्क्यांसाठी दिंडोरी रस्त्यावरच्या मेरी या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत विचारून पाहा. किल्लारीसारख्या अज्ञात प्रस्तरभंगांसाठी नोंदींची घनता जाळीवर पसरवून पार्श्वभूमी-स्रोत घ्या. अमेरिकेच्या १९९६ च्या राष्ट्रीय नकाशात मध्य व पूर्व भागासाठी हेच केले होते. आणि आलेले त्वरण ०.१६ शी थेट ताडू नका: तो गुणांक कमाल भूकंपाचा आहे, डिझाइनसाठी त्याच्या निम्मा धरतात.