घरातलं माणूस गेल्यावर कशाने आधार दिला? नाशिककरांचे अनुभव

सुतकात टीव्ही बंद, गाणी बंद. पण त्याच घरात रात्री भजनी मंडळ बसतं आणि दशक्रियेला गोदावरीच्या काठी प्रवचन ठेवतात. दुःखातल्या माणसाला सूर आणि शब्द लागतात, हे आपल्याकडे आधीपासून ठाऊक आहे. त्या दिवसांत गाणं, चित्र, सिनेमा, कविता यांपैकी काय उपयोगी पडलं, ते लिहा. काहीच उपयोगी पडलं नसेल, तर तेही लिहा.

सिन्नर
वडील माळकरी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला पायी जायचे. ते गेले तेव्हा थोरला दादा सगळी धावपळ करत राहिला, डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणत, किती खंबीर! मला त्याची भीती वाटत होती. तेराव्याच्या रात्री बुवांनी नामदेवांचे समाधीचे अभंग घेतले. १२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे. त्यात निवृत्तिनाथ शोक करतात. थोरला भाऊ, शिवाय गुरू, आणि तरी म्हणतो की कितीही समजावलं तरी मन राहत नाही. दादा तिथूनच उठला आणि ओट्यावर जाऊन मोठ्याने रडला. आई त्याच्यामागे निघाली होती, काकांनी तिला थांबवलं. आत भजन चालूच ठेवलं. मला वाटतं, थोरल्याने रडायला हरकत नाही हे त्याला आमच्यापैकी कुणी सांगून पटलं नसतं.

इंदिरानगर
गाण्याचा मला त्रासच झाला. आई स्वयंपाक करताना गुणगुणायची ते गाणं रिक्षात लागलं तरी उतरावंसं वाटतं. उपयोग झाला तो जलरंगांचा. गोदाघाटावर चित्रं काढत बसणारे पुष्कळ असतात, त्यांच्या शेजारी जाऊन बसू लागले. कागद ओला असेपर्यंत पुढचा हात मारता येत नाही, नाहीतर रंग पसरतो. थांबावंच लागतं. तेवढा वेळ माझं डोकं शांत असायचं. आईच्या अस्थी सोडल्या तो रामकुंडाचा भाग मात्र अजून काढलेला नाही.

नाशिकरोड
आजीला लिहिता येत नव्हतं. मामा गेल्यावर ती तांदूळ निवडताना ओव्या म्हणायची, स्वतः रचलेल्या. प्रत्येकीत मामाचं नाव. घरात कुणी त्याचं नाव घेत नव्हतं, तेव्हा तीच घ्यायची. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवल्यात.

त्र्यंबक रोड
दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, त्यातल्या रोहिदासाचं काम त्यांच्या स्वतःच्या मुलाने, भालचंद्रने केलं. साप चावून मेलेलं ते पोर तारामती स्मशानात आणते, ती ही गोष्ट. आपल्याच लेकराला असं निजवून ते दृश्य कसं घेतलं असेल त्यांनी? माझा मुलगा गेला तेव्हापासून हा विचार सारखा येतो. गोष्टीत शेवटी रोहिदास उठतो, म्हणून ती मला ऐकवत नाही. यापुढचं अजून लिहिता येत नाही.

पंचवटी
त्र्यंबक रोडच्या भाऊ, लिहू नका, जमेल तेव्हा या. आमचं भजनी मंडळ शनिवारी संध्याकाळी बसतं. बहुतेकजण कुणी ना कुणी गेल्यावरच इथे आलेत. कुणी काही विचारत नाही. टाळ धरता येत नसतील तरी चालेल, आमच्यातल्या निम्म्यांना आले तेव्हा येत नव्हते.