देवळात निघालेली लेखशिळा: पंथ आणि साल कसं ओळखायचं?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)
गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारात उभी लेखशिळा निघालीय. अक्षरं देवनागरी वळणाची, पण मराठी अर्थ लागत नाही. माथ्यावर सूर्य-चंद्र आहेत. कोणी जैनांची म्हणतं, कोणी महादेवाची. ‘शकवर्ष’च्या पुढचे आकडे झिजलेत, संवत्सराचं नाव मात्र दिसतं. अक्षरांत रंग भरून फोटो काढावा का?

वेणुग्राम
रंग, खडू, तेल, चुना काहीही लावू नका! खडूची भुकटी बारीक खाचांत बसते आणि मग काना कुठला, चीर कुठली ते कळत नाही. तेलावर धूळ चिकटून थर बसतो. तारेचा ब्रश आणि ॲसिड तर लांबच ठेवा. सुकी माती मऊ ब्रशने झटका, बस्स.

फोटो अंधार पडल्यावर घ्या. बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून उजेड तिरपा पाडला की झिजलेली अक्षरंही सावलीने उठतात. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून. एकाच बाजूच्या उजेडात आडव्या रेघा तरी हरवतात नाहीतर उभ्या. मोबाईल दगडाच्या अगदी समोर धरा, शेजारी पट्टी ठेवा, दर फोटोत आधीच्या दोन-तीन ओळी येऊ द्या. शाईचा ठसा स्वतः घेऊ नका, ते जाणकाराचं काम आहे.

जुनी लिपी
लिपी नागरी आणि भाषा कन्नड असणार, यात नवल नाही. बेळगावच्या किल्ल्यातल्या साफा मशिदीत असे दोन खांब आहेत: एकावर ११९९ चा, रट्ट घराण्यातल्या चौथ्या कार्तवीर्य राजाचा लेख, दुसऱ्यावर १२६१ चा, देवगिरीच्या यादव घराण्यातल्या कृष्ण राजाचा. दोन्ही कन्नड, नागरीत कोरलेले.

सूर्य-चंद्रावरून पंथ ठरवू नका. दान आचंद्रार्क, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत, टिको म्हणून ते सगळेच कोरत, गाय-वासरूही तसंच. मधलं शिल्प बघा: लिंग आणि नंदी असेल तर शैव, तीन छत्रांखाली बसलेली मूर्ती असेल तर जैन. ते फुटलं असेल तर पहिला श्लोक वाचा. ‘नमस्तुंगशिरश्चुंबि’ म्हणजे शैव, ‘श्रीमत्परमगंभीरस्याद्वाद’ म्हणजे जैन, ‘जयत्याविष्कृतं विष्णोर्वाराहं’ म्हणजे वैष्णव.

तरी एका पंथाचा लेख सापडला म्हणून गावच त्या पंथाचं होतं असं धरू नका. तुमच्या तालुक्यातलीच हलशी घ्या, कदंब राजांच्या काळातली पलाशिका. तिथल्या ताम्रपटांत कदंब राजा रविवर्म्याने दरवर्षी कार्तिकात आठ दिवस जिनेंद्राचा, म्हणजे जैन तीर्थंकराचा उत्सव करायची व्यवस्था लावलीय, आणि त्याच गावात पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळात भूवराह-नरसिंहाचं देऊळ उभं राहिलं, वराह आणि नरसिंह समोरासमोरच्या गाभाऱ्यांत.

शकगणित
संवत्सर दिसतंय तर साल काढता येईल. संवत्सरांची साठ नावं ठरल्या क्रमाने फिरतात; १९८७-८८ ला त्यातलं पहिलं, प्रभव होतं. तिथून साठ-साठ मागे गेलं की ११४७, १२०७, १२६७ ही प्रभवाची सालं येतात; पुढे तुमच्या संवत्सराचा क्रम मोजा. अक्षरांचं वळण आणि राजाचं नाव यांवरून साठीतली नेमकी फेरी ठरते.

शकाचा आकडा लागलाच तर नुसते ७८ मिळवून थांबू नका. बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराशी निगडित लेखांत शके ११२७, रक्ताक्षी संवत्सर असं आहे. ७८ मिळवले तर १२०५ येतं, पण रक्ताक्षी १२०४ चं. ७८ ची बेरीज सरलेल्या वर्षांना लागू पडते; तिथे मात्र चालू वर्ष मोजलंय, म्हणून एकाचा फरक. अशा वेळी संवत्सर प्रमाण धरा. तिथीसोबत वार असेल तर तोही पडताळा.

मलप्रभाकाठ
तळाशी ‘स्वदत्तां परदत्तां वा’ लागलं. यावरून पंथ कळेल?

जुनी लिपी
नाही. तो शापश्लोक शैव, जैन, वैष्णव सगळ्यांच्या दानलेखांत येतो: आपण दिलेली असो वा दुसऱ्याने, दानाची जमीन जो हिरावेल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. दान कोणत्याही देवाचं असो, राखणीला हाच श्लोक. पण तो सापडला म्हणजे शिळा तळापर्यंत शाबूत आहे, हे फार चांगलं झालं. आता त्याच्या वरच्या ओळींत जमिनीच्या चतुःसीमा शोधा. ओढा, टेकडी, शेजारच्या गावांची नावं तुमच्या माणसांना आमच्यापेक्षा लवकर ओळखू येतील.

वेणुग्राम
आणि फरशीत बसवण्याआधी फोटो म्हैसूरला पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कोरीव लेख वाचणाऱ्या शाखेकडे (एपिग्राफी ब्रँच) पाठवा. तोवर शिळा छपराखाली, मातीपासून वर, उभीच ठेवा.