पिकअपला स्नॉर्कल आधी की ब्रीदर? आणि मुळात गाडी पाण्यात घालावी का?

वारणाकाठ
पाऊस जवळ आला की पिकअपवाल्यांत स्नॉर्कलची, म्हणजे इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणाऱ्या पाइपची, चर्चा सुरू होते. टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉसवाले लावतातच, आता साध्या मालवाहू पिकअपलाही लोक बाजारातून आणून बसवतात. माझं मत असं: ज्याची गाडी दूध, भाजी, पशुखाद्य घेऊन ओढ्या-नाल्यांतून जाते, त्याने पाण्याची तयारी करायलाच हवी. फक्त सुरुवात स्नॉर्कलपासून नको, डिफच्या (मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या) ब्रीदरपासून हवी. ब्रीदर म्हणजे त्या पेटीतली हवा आत-बाहेर व्हायला ठेवलेलं छोटं तोंड.

तासभर पळालेल्या गाडीचं मागचं हाउसिंग, म्हणजे डिफची पेटी, तापलेलं असतं. ते गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं आत ओढते. ब्रीदर पाण्याखाली असेल, तर आत जातं ते पाणीच. गाडी पार होते, ड्रायव्हर खूश होतो. इकडे हाउसिंगमधलं ऑइल दुधासारखं पांढरं झालेलं असतं. पुढे कधीतरी डिफमधली क्राउन-पिनियन ही दातेरी चाकं घरघरायला लागतात, तोवर त्या ओढ्याची आठवणही कुणाला राहिलेली नसते.

इलाज साधा आहे. ब्रीदरला ऑइलला टिकणारी रबरी नळी जोडून ती केबिनच्या मागे, हौद्याच्या वरच्या कडेपर्यंत न्यायची. अ‍ॅक्सल वर-खाली होतो, म्हणून नळीला ढील ठेवायची. गिअरबॉक्सचा ब्रीदर तसाच वर घ्यायचा, फोर-बाय-फोर असेल तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचाही. स्नॉर्कलच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. तरी दहातल्या नऊ गाड्यांना नळी नसते, कारण ती बाहेरून दिसत नाही.

कृष्णामाई
नळीबद्दल वाद नाही. माझा विरोध या सगळ्या तयारीच्या दिशेला आहे. गाडीला जितकं सामान लावाल, तितकी माणसाची भीती कमी होते. आणि पुरात माणसाला वाचवते ती भीतीच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे आकडे बघा. सहा इंच वाहतं पाणी माणसाला पाडतं, एक फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेतं, दोन फुटांत एसयूव्ही आणि पिकअपही जातात. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जलप्रयोगशाळेत खऱ्या गाड्या पाण्यात ठेवून चाचण्या झाल्या. अडीच टनांची निसान पॅट्रोल ४५ सेंटिमीटर पाण्यात अस्थिर झाली, आणि पाण्याचा वेग होता ताशी ३.६ किलोमीटर, म्हणजे चालत्या माणसापेक्षा कमी. ९५ सेंटिमीटरला ती हाताने ढकलता येत होती. तिला स्नॉर्कल असता तर काय फरक पडला असता?

वारणाकाठ
ताई, फरक पडला नसता, हे मान्य. पण तुम्ही वाहत्या पाण्याचं बोलताय. मी बोलतोय शेताच्या रस्त्यावर साचलेल्या पाण्याबद्दल, बंधाऱ्याच्या फुगवट्याबद्दल, घाटाखालच्या तुंबलेल्या ओढ्याबद्दल. पूर ओसरल्यावरही गावाच्या वाटेवर कित्येक दिवस दीड-दोन फूट पाणी नुसतं उभं असतं. तेव्हा गोठ्यातल्या जनावरांना चारा कसा पोचवायचा?

पाना_पकड
गॅरेजवाल्याच्या बाजूने सांगतो. इंजिनाने पाणी प्यायलं म्हणजे नेमकं काय होतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हायलक्सचं इंजिन घ्या: २७५५ सीसी, चार सिलिंडर, म्हणजे एका सिलिंडरला सुमारे ६८९ सीसी. कॉम्प्रेशन १५.६ ला १, म्हणजे आतली हवा साधारण सोळाव्या हिश्श्यात दाबली जाते. पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावर जागा उरते जेमतेम ४७ सीसी. मोठे तीन चमचे पाणी. त्याहून जास्त आत गेलं की पिस्टनला वर यायला जागाच नाही, कारण पाणी दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, नाहीतर ब्लॉक फोडून बाहेर येतो.

आता स्नॉर्कल. नुसता पाइप काचेशेजारी उभा केला म्हणजे झालं नाही. खाली एअर फिल्टरच्या डब्याला पाणी निथळायचं भोक असतं, ते तसंच राहिलं तर इंजिन तिथून पाणी ओढणार. प्रत्येक सांधा हवाबंद हवा. तपासायची रीत सोपी आहे: इंजिन आयडलला ठेवा आणि स्नॉर्कलचं तोंड जाड रबराच्या तुकड्याने दाबून बंद करा. इंजिन गुदमरून बंद पडायला पाहिजे. आरामात चालत राहिलं, तर ते हवा दुसरीकडून घेतंय आणि तुमचा स्नॉर्कल शोभेचा आहे.

आणि गाडी पाण्यात बंद पडली, तर सेल्फ मारू नका. कुणी कितीही सांगो, मारू नका. ओढून बाहेर काढा, नोझल किंवा ग्लो प्लग काढा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर पडू द्या. पहिल्या झटक्यात वाचलेली इंजिनं दुसऱ्यांदा सेल्फ मारल्यामुळे गेलेली मी पाहिली आहेत.

हौदा_भरून
पिकअपचा वेगळा मुद्दा कुणीच काढला नाही. मालवाहू पिकअप बहुतेक टू-व्हील ड्राइव्ह, ओढतात मागची चाकं. रिकामा हौदा म्हणजे मागे वजन नाही. पाण्यात मागची बाजू आधी हलकी होते आणि तीच गाडी पुढे ढकलणारी. म्हणून पाण्यात जायचंच असेल तर माल भरून जावं, रिकामं येऊ नये. वाळूची पोती टाका, हौद्याचा मागचा फाळका उघडा ठेवा म्हणजे हौद्यात पाणी अडून राहणार नाही.

कृष्णामाई
भाऊ, हिशेब पूर्ण करा. डबल केबिनचा तळ साधारण तीन चौरस मीटर धरा. तळाच्या वर चढणारं प्रत्येक दहा सेंटिमीटर पाणी गाडीला सुमारे ३०० किलोने उचलतं, दारांतून पाणी आत शिरेपर्यंत. दरवाजांची रबरं जितकी चांगली तितकी गाडी जास्त तरंगते. वीस-पंचवीस सेंटिमीटर चढलं की सहा-सातशे किलो गेले, म्हणजे दोन टनांच्या गाडीचं तिसऱ्या हिश्श्याचं वजन. पोती टाकून ते काही अंशी भरून निघेल. पण पाण्याचा वेग दुप्पट झाला की आडवा रेटा चौपट होतो, त्याला कुठली पोती पुरणार?

आणि खालचा रस्ता जागेवर आहे, हे कशावरून? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं अंधारात सरळ नदीत गेली. त्या ड्रायव्हरांचं काय चुकलं होतं? काहीच नाही, पूलच नव्हता. पावसात पाण्याखाली जाणाऱ्या ठेंगण्या फरशी पुलावर तर कठडाही नसतो. खालच्या अंगाने भराव पोखरला गेलेला असतो आणि वरून पाणी अगदी सपाट दिसतं.

पर्लकोटा_पार
भामरागडकडून लिहितोय. पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यातलं आहे. तेव्हा नदीत पिकअप घालायचा विचार आमच्याकडे कुणी शहाणा करत नाही. पण नदीच्या अलीकडे-पलीकडे जे लहान नाले आहेत, तिथे तयारीला अर्थ आहे. नाला तीन-चार तासांत उतरतो. पूर्ण उतरायची वाट बघितली तर बाळंतीण अडकते. गुडघाभर राहिलं की गाडी काढावी लागते. अशा ठिकाणी वर घेतलेला ब्रीदर आणि वायरिंगचे ग्रीस भरलेले कनेक्टर कामाला येतात. कृष्णामाई, "जाऊच नका" हा सल्ला ज्याला दुसरा रस्ता आहे त्याच्यासाठी ठीक आहे.

कृष्णामाई
तुमच्या नाल्याला मी नाही म्हणत नाही. पण आधी माणूस काठी घेऊन चालत पलीकडे जातो ना? ज्या पाण्यातून माणूस निर्धास्त चालत जाऊ शकत नाही, त्यात गाडी नको. इतकंच माझं म्हणणं.

कलम_५२
एक रुक्ष पण गरजेची गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं. फोर्स गुरखाला स्नॉर्कल कंपनीतूनच येतो, तिथे प्रश्न नाही. बाजारातला बसवणार असाल तर आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा. साध्या विम्यात पाणी शिरून खराब झालेल्या इंजिनाचा दावा बहुधा नाकारला जातो, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कवच घ्यावं लागतं.

डार्विनकर
ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला राहतो. इथे निम्म्या पिकअपना स्नॉर्कल आहे, धुळीसाठीही लावतात. काकाडू राष्ट्रीय उद्यानात ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवर काहिल्स क्रॉसिंग नावाचा बुडता कॉजवे आहे. समुद्राच्या भरतीचं पाणी तिथवर येतं आणि नदीत मगरी आहेत. कडेला खोलीचे आकडे रंगवलेले खांब उभे आहेत. तरीही गाड्या वाहून जातात, बहुतेक चांगल्या तयार केलेल्या. भरती उतरायला थोडा वेळ थांबले असते तर सुखरूप गेले असते. इथलं सरकार वर्षानुवर्षं एकच सांगतंय: पूर असेल तर विसरा.

वारणाकाठ
खांबांची कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे कोल्हापुरात पोरंसुद्धा सांगतात. पण ज्या फरशी पुलावरून आपण रोज जातो, तिथे पाणी किती आहे हे सांगणारा एक खांब नसतो. ग्रामपंचायतीने दोन्ही तोंडांना आकडे रंगवलेले खांब आणि मध्ये कडेच्या खुणा उभ्या केल्या, तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

तोवर माझी पद्धत सांगतो. कंपनी हायलक्सला पाण्याच्या खोलीची मर्यादा ७०० मिलिमीटर देते, ती उभ्या पाण्यासाठी. मी त्यातही चाकाच्या मध्याच्या वर जात नाही. पाण्याआधी दहा मिनिटं थांबून अ‍ॅक्सल गार होऊ द्यायचे. गाडीच्या तोंडाला ताडपत्री बांधायची, म्हणजे पंख्यावर लाट येत नाही. बेल्टवर फिरणाऱ्या पंख्याची पाती पाण्यात पुढे वाकून रेडिएटर फाडतात. काचा खाली, सीटचे पट्टे सोडलेले. लो गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने जायचं, मध्ये क्लच दाबायचा नाही. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून ड्रम सुकवायचे आणि त्याच आठवड्यात डिफचं ऑइल बघायचं.

पाना_पकड
क्लचचं बरोबर. बेल्टबद्दल एक भर. जुन्या गाड्यांत लोक पंख्याचा बेल्ट उतरवून पाण्यात जायचे. नव्या गाड्यांत अल्टरनेटर, वॉटर पंप असं बरंच काही एकाच बेल्टवर असतं, तो उतरवू नका.

कृष्णामाई
वारणाकाठ, खांबांसाठी ग्रामसभेत ठराव मांडायचा असेल तर मसुदा मी लिहून देते. पण त्यात एक ओळ माझी राहील: फरशीवरून पाणी वाहत असेल तर खोली कितीही असो, दोन्ही बाजूंना साखळी.

वारणाकाठ
साखळीला माझा विरोध आहे. चार बोटं पाणी असताना दुधाची गाडी अडवली तर लोक दुसऱ्या दिवशी साखळी तोडतील. खांबावर लाल रेघ मारू, रेघेखाली पाणी असेल तर वाट मोकळी.

कृष्णामाई
मग रेघ किती उंचीवर, ते त्या पुलावर चालत जाणाऱ्या बायका ठरवू देत, पिकअपवाले नकोत.