ग्राहकसेवेतील कार्यसंस्कृती: आधी अधिकार की आधी शिस्त?

पाठराखण:
ग्राहकसेवा विभागात कार्यसंस्कृतीच्या नावाखाली भिंतीवरची घोषवाक्ये आणि 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' यांचाच भरणा असतो. ग्राहकाचा संताप ज्याला ऐकून घ्यावा लागतो, त्याच्या हाती तो संताप शमवण्याचा काही अधिकार असल्याशिवाय संस्कृती उभी राहत नाही, असे माझे मत आहे. रिट्झ-कार्लटन हॉटेलसमूहाने पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा साध्या कर्मचाऱ्यालाही दिली, हे सर्वश्रुत आहे. मी जिथे काम केले तिथे मात्र चुकून दोनदा कापलेले पैसे परत करायलाही तीन मंजुऱ्या लागत, आणि तोवर माफी मागत बसणे एवढेच आमच्या हाती असे.

हिशेबी:
असहमत. डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९१७ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेली सूत्रे कॉल सेंटरमधले मनुष्यबळ ठरवायला आजही वापरली जातात, आणि त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते: सगळे जवळजवळ पूर्ण वेळ व्यग्र असले, की दोन माणसे ब्रेकवरून उशिरा आल्यानेही रांग प्रमाणाबाहेर वाढते. तो भार शेजारच्या हेडसेटवरच पडतो. वेळ पाळणे म्हणजे सहकाऱ्याची कदर करणे. तुमची ती संस्कृती इथूनच सुरू होते.

रातपाळी:
ब्रेकचे ठीक, पण हीच शिस्त कॉलच्या लांबीला लावली की काय होते ते सांगतो. आमच्या स्क्रीनवरचे घड्याळ सहा मिनिटांनंतर लाल होई. पतीच्या निधनानंतर त्यांचे खाते बंद करू पाहणाऱ्या एक बाई कागद शोधायला उठल्या. पलीकडून कपाटाचे दार उघडल्याचा आवाज येत होता आणि माझी नजर घड्याळावर होती. "कागद सापडला की पुन्हा फोन करा," असे सांगून मी कॉल संपवला. माझा आकडा हिरवा राहिला. त्या बाईंना मात्र दोन दिवसांत आणखी तीनदा फोन करावा लागला, म्हणजे तुम्हाला ज्या रांगेची काळजी आहे ती मीच वाढवली.

हिशेबी:
हे मान्य. सरासरी वेळ आखणीसाठी असते. ती एकेका माणसाच्या मानेवर ठेवणे चूकच. तरीही अधिकाराचा मुद्दा मला पटलेला नाही. एकाने परतावा दिला आणि दुसऱ्याने नाकारला, तर आवाज चढवणाऱ्याला जास्त मिळते आणि सभ्यपणे विचारणारा मागे राहतो. शिवाय पुढच्या कॉलवर "काल तुमच्याच माणसाने दिले होते" हे ऐकण्याची वेळ भलत्याच सहकाऱ्यावर येते. अधिकार द्यायचाच असेल, तर मर्यादा लेखी हवी.

पाठराखण:
लेखी मर्यादेला माझी हरकत नाही. मर्यादेच्या आत राहून घेतलेला निर्णय चुकला, तर पुढे काय होते, यावर माझा भर आहे. संशोधक एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात रुग्णालयांतील औषधचुकांचा अभ्यास करताना चांगल्या गटांत नोंदवलेल्या चुका जास्त आढळल्या, कारण तिथली माणसे चूक लपवत नव्हती. आमच्याकडे टीम लीडर चुकलेला कॉल सगळ्यांसमोर वाजवून दाखवी. त्यानंतर महिनाभर प्रत्येक जण साधी तक्रारही वर ढकलत असे. (वर म्हणजे त्याच टीम लीडरकडे, हे त्याच्या उशिराच लक्षात आले.)

हिशेबी:
कॉल चारचौघांत वाजवणे गैरच, तो एकट्याला बसवून ऐकवावा. पण ऐकवावा जरूर. परताव्याचा तोच निर्णय त्याच माणसाचा तिसऱ्यांदा चुकला, तर त्याचा अधिकार काही काळ काढून घ्याल की नाही, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही.