अनुभव धागा: तांत्रिक वाद आणि कीस काढणारी माणसं

शेंडेफळ
काल भाच्याने नवी हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडली आणि ओरडला, "मामा, फसवलं! वर एक टीबी लिहिलंय, आत ९३१ जीबीच आहेत." मी काही बोलायच्या आत दाजी सुरू झाले, आणि मला एकदम आमची कॉलेजची लॅब आठवली.

तिथे दोन सर होते. एक सर किलोबाइट म्हणजे १००० बाइट म्हणणारे, दुसरे १०२४ वाले. फ्लॉपीवर १.४४ एमबी छापलेलं असायचं, त्यावरून दोघांची जुंपायची आणि आमचं प्रॅक्टिकल बुडायचं. शेवटी लॅब असिस्टंटने खडू घेऊन मांडून दाखवलं: फ्लॉपीत एकूण १४,७४,५६० बाइट. दोनदा हजाराने भागा, १.४७ येतात. दोनदा १०२४ ने भागा, १.४१ येतात. १.४४ यायला एकदा १०२४ ने आणि एकदा १००० ने भागावं लागतं. म्हणजे छापणाऱ्याने दोघांचंही थोडंथोडं ऐकलेलं. मग काय, दोघे सर मिळून त्या असिस्टंटवर उखडले.

घरी, ऑफिसात, प्रवासात असे वाद ऐकले असतील तर येऊ द्या. कोण बरोबर ते मागाहून बघू.

बिनबुडाचा_लोटा
मागाहून कशाला? १९९८ मध्येच आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १०२४ च्या हिशोबासाठी किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं ठरवून दिलीत. विंडोज मोजतं १०२४ ने आणि पाटी लावतं जीबीची. मॅकवर २००९ पासून हजारानेच मोजतात. भाच्याला मॅक घेऊन द्या, डिस्क न बदलता टीबी पूर्ण दिसेल.

शेंडेफळ
@लोटा आलात! तुमचीच वाट बघत होतो.

ओलीसुकी
आमच्याकडे चार्जिंग. सासरे ८० टक्क्यांना फोन काढतात, नवरा रात्रभर लावून झोपतो, सासूबाई पूर्ण बंद पडल्याशिवाय लावतच नाहीत ("आधी रिकामी व्हायला पाहिजे"). आता सासऱ्यांनी स्वतःचा फोन सांभाळावा ना? नाही. रात्री पाणी प्यायला उठले की नवऱ्याच्याही फोनची पिन काढतात. सकाळी याचा फोन ६० च्या घरात.
"बाबा, पिन का काढली?"
"बॅटरी वाचवली तुझी."
"ती माझी बॅटरी आहे!"
"म्हणूनच वाचवली."
थांबा, मशीन वाजलं, कपडे काढून येते.

बिनबुडाचा_लोटा
सासूबाईंचा नियम निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. त्या बॅटऱ्यांना मेमरी इफेक्ट होता, म्हणजे सारख्या अर्धवट उतरवून भरल्या की क्षमता कमी झाल्यासारख्या वागायच्या. लिथियमला तळापर्यंत उतरवणं उलट त्रासाचं. आणि पूर्ण भरलेली अवस्था व उष्णता या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती लवकर म्हातारी होते. म्हणून सासरे तत्त्वतः बरोबर. पण २०१९ पासून आयफोन रात्री ८० ला थांबून उठायच्या सुमारास उरलेलं भरतो, अनेक अँड्रॉइडमध्येही तशी सोय असते. म्हणून नवराही बरोबर. उशीखाली ठेवून चार्ज करू नये इतकंच.

ओलीसुकी
आले. @लोटा, सासऱ्यांना वाचून दाखवलं. "तत्त्वतः बरोबर" एवढंच ऐकलं त्यांनी. पुढचं ऐकायला थांबलेच नाहीत.

गप्पाटप्पा७
😂😂 सासरे रॉक्स

उंटावरचा
काकांनी १०० एमबीपीएसची लाइन घेतली. डाऊनलोड १२ च्या वर जाईना. कंपनीला फोनवर फोन. मी समजावलं की काका, लाइनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तुमच्या स्क्रीनवरचा आकडा मेगाबाइटमध्ये आहे, आठने भागा, साडेबारा येतात, म्हणजे तुम्हाला जवळजवळ सगळं मिळतंय. काका शांतपणे म्हणाले, "मग बिल पण भागिले आठ करायला सांग त्यांना." यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

ठकू
काकांना माझा नमस्कार सांगा!
माझी जाऊ दर थोड्या वेळाने फोनमधली सगळी अ‍ॅप वर सरकवून बंद करते, डास मारल्यासारखी. तिला सांगितलं की २०१६ मध्येच अ‍ॅपल आणि अँड्रॉइड दोन्हीकडच्या बड्या अधिकाऱ्यांनी याने बॅटरी वाचत नाही म्हणून सांगितलंय, उलट अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडायला जास्त खर्च. ती म्हणे, "बॅटरीसाठी नाही गं, बरं वाटतं." मग मीही करायला लागले. खरंच बरं वाटतं.

चष्मेबद्दूर
ऑफिसातला किस्सा. मी पेनड्राइव्ह तसाच उपसला. शेजारचा किंचाळला, "सेफली रिमूव्ह!!" पलीकडचा उठून आला: विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून क्विक रिमूव्हल (पेनड्राइव्ह थेट काढता यावा अशी सोय) हीच मूळ सेटिंग आहे, कॉपी चालू नसेल तर खुशाल काढा. पहिला म्हणे, आणि मागे काहीतरी लिहिणं चालू असलं तर? मग रकाने, कॅशे, फाइल सिस्टिम... दोन टेबलं कामाला लागली. तेवढ्यात आयटीवाला डोकावून म्हणाला, "या मशीनवर विंडोज ७ आहे."

शेंडेफळ
कीस काढणारा बहुतेक वेळा बरोबर असतो, खरी पंचाईत तीच. चुकीचा असता तर गप्प तरी बसवता आला असता.

शून्य_प्रहर
आमच्या टीममधला एकजण. एक्सेलमधला तारखांचा तक्ता मीटिंगमध्ये दाखवला तर याचा हात वर. "एक्सेल १९०० ला लीप वर्ष धरतं. ते नव्हतं. लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीटमध्ये ती चूक होती आणि तिच्याशी जुळावं म्हणून एक्सेलने मुद्दाम ठेवली." माहिती अगदी खरी. आमच्या तक्त्यातली सगळ्यात जुनी तारीख २०११ ची. तरी साहेबांनी विचारलं, "मग आपले आकडे चुकले का?" झालं. त्या दिवशी विषयपत्रिकेवरचं काहीही झालं नाही.

गप्पाटप्पा७
यूएसबी ३.० चं नाव नंतर ३.१ जेन १ झालं आणि मग ३.२ जेन १. वेग तोच, ५ जीबीपीएस. यावर आमच्याकडे कोणी भांडत नाही कारण कोणालाच कळत नाही 🙈

बिनबुडाचा_लोटा
@चष्मेबद्दूर, ते तिसरे आयटीवाले अपूर्ण बोलले. क्विक रिमूव्हल विंडोज ७ मध्येही पेनड्राइव्हसाठी असायचं.

चष्मेबद्दूर
@लोटा तुम्ही आमच्याच ऑफिसात आहात का?

काजवा
विषयांतराबद्दल क्षमस्व. वर फ्लॉपीचा विषय निघाला म्हणून विचारते. माझा प्रबंध एका फ्लॉपीवर आहे. वाचता येईल का? ड्राइव्ह कुठलाच नाही.

उंटावरचा
यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो. पण आधी ते सरकतं झाकण बाजूला करून आतली तबकडी उजेडात बघा. पांढरे डाग दिसले तर बुरशी असू शकते, तशीच घालू नका, ड्राइव्हचं हेडही खराब होईल.

काजवा
बघितली. डाग नाहीत, थोडी धूळ आहे. धन्यवाद!

ठकू
प्रबंध कशावर?

काजवा
गवतावर.

ओलीसुकी
अय्या, कुठल्या? आमच्या कुंड्यांत एक बारीक पानांचं येतं, कितीही उपटलं तरी परत उगवतं. फोटो टाकू का?

काजवा
टाका की. मुळाचाही टाका, गाठी दिसल्या तर लव्हाळा असेल.