प्रतिसाद: नुसती जर्मन की बी.कॉम.सोबत?

ताई, लेकीनं जर्मन घेऊन बी.ए. करावं की बी.कॉम.सोबत भाषा शिकावी, असं विचारलंत. मी तरी सोबतच म्हणेन.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात कामाला. जर्मनची बी१, म्हणजे मधली पातळी झाल्यावर पहिलं जर्मन ड्रॉइंग हातात पडलं, त्यात शब्द ‘केर्न’. आम्हाला वर्गात शिकवलेला अर्थ फळातली बी! अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी म्हाताऱ्या मोल्डरनं चित्रावर बोट ठेवलं, “कोअर हाय की ओ हे.” म्हणजे ओतकामात पोकळी ठेवायला साच्यात बसवतात तो गाभा. त्याला जर्मन येत नाही, काम येतं.

जपानीचं म्हणाल तर घरात मराठी, बाजारात कन्नड बोलणाऱ्या आपल्या पोरांना वाक्यरचना जड जात नाही, तिकडेही क्रियापद शेवटीच. गाडी अडते कांजीपाशी, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्रासारख्या अक्षरांपाशी. जेएलपीटी ही जपानीची परीक्षा सोप्या एन५ पासून अवघड एन१ पर्यंत चढत जाते, पण तिच्यात बोलण्याची परीक्षाच नाही. म्हणून एन३ वाली पोरंसुद्धा मुलाखतीत गप्प बसतात. गोएथे संस्थेच्या जर्मन परीक्षेत बोलावंच लागतं.

पुण्याला जाणार असाल तर मॅक्सम्युलर भवन (गोएथे संस्थेचंच केंद्र) आणि रानडे इन्स्टिट्यूट, भाषा शिकवणाऱ्या या दोन्हीकडे चौकशी करा. जाताना लेकीलाही न्या. तिला काय हवंय ते तुम्ही लिहिलंच नाही.