फौजीनं एमबीए करावं का?

माजी_कॅप्टन_पुणे: काल इथे एका साहेबांनी लिहिलं, "दहा वर्षं माणसं सांभाळली, त्याला वर्गात बसवून मॅनेजमेंट कोण शिकवणार? एमबीए म्हणजे ग्रॅच्युइटी पाण्यात." हे वाचून राग आला. शॉर्ट सर्व्हिसवाला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घेतलेला ऑफिसर, दहा किंवा चौदा वर्षांनी बाहेर पडतो तेव्हा पेन्शन नसते. मी माणसं सांभाळली, खरंय. पण युनिटला पैसा मंजूर होऊन यायचा, आम्ही तो हिशेबानं खर्च करायचो. नफा-तोटा कुणी मागितलाच नाही. मुलाखतीत तोच पहिला प्रश्न. एमबीएआधी मला फक्त 'सिक्युरिटी हेड'साठी फोन यायचे. एक वर्षाचा पूर्णवेळ कोर्स केला, कँपसवर ऑपरेशन्समध्ये निवड झाली.

निवृत्त_कर्नल: ते मीच लिहिलं आणि आजही तेच म्हणतो. नावाजलेल्या संस्थेत एका वर्षाची फी ३० लाखांच्या वर. पस्तिसाव्या वर्षी एवढं कर्ज? डीजीआर, म्हणजे सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं, त्याच्यातर्फे आयआयएममध्ये २४ आठवड्यांचा कोर्स मिळतो, ६० टक्के फी सरकार भरतं. तो करा.

माजी_कॅप्टन_पुणे: सर, त्याचं सर्टिफिकेट मिळतं, पदवी नाही. आणि तुमच्या खात्यात दर महिन्याला पेन्शन जमा होते. आमच्या होत नाही. दोघांना एकच सल्ला कसा चालेल?

एचआर_ठाणे: दहा वर्षं भरती करतेय. फौजींचे बायोडेटा हुद्दे आणि पदकांनी भरलेले असतात. किती गाड्या, किती टन माल, किती वेळात पोचवला, हे लिहा ना! सप्लाय चेनमध्ये जायचंय तर एमबीएशिवाय घेतलेत मी लोक. पण हो, फायनान्स किंवा कन्सल्टिंगला पदवी नसेल तर बायोडेटा माझ्यापर्यंत येतच नाही.

हवालदार_सातारा: तुम्ही सगळे ऑफिसरांचंच बोलताय. जवान सतरा वर्षांनी पेन्शन येतो, वय पस्तीस-छत्तीस. १५ वर्षं सर्व्हिस झाली की पदवीसमान प्रमाणपत्र देतात, ते गट 'क'च्या नोकरीसाठी. त्यावर एमबीएला कोण घेणार? माझ्याबरोबरचे निम्मे एटीएमबाहेर बारा-बारा तास उभे आहेत.

सुभेदाराची_लेक: काका, वडिलांनाही सगळ्यांनी गार्डचीच नोकरी सुचवली होती. सरकारी बँकांत क्लार्कच्या १४.५ टक्के जागा माजी सैनिकांना असतात, हे गावात कुणी सांगितलं नाही. त्यांनी अभ्यास केला, लागले. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. तर नोकरीत असतानाच होतं.

हवालदार_सातारा: पोरी, तुझ्या वडिलांची पोस्टिंग शांत ठिकाणी असेल. आम्ही ग्लेशियरवर पुस्तकं उघडायची का?

सुभेदाराची_लेक: द्रासला होते ते. शांत ठिकाण म्हणू नका.

हवालदार_सातारा: बरं, मागं घेतो. पण अग्निवीरांचं काय? चार वर्षं, शेवटी सुमारे ११.७१ लाखांची एकरकमी सेवानिधी, पेन्शन नाही, शंभरातले पंचवीसच कायम. त्याच्या हातात बारावी. माझा पुतण्या त्यातच आहे, म्हणून जीव तुटतो.

निवृत्त_कर्नल: योजनेवर इथे वाद नको.

हवालदार_सातारा: का नको, साहेब? ऑफिसरच्या तीस लाखांवर दिवसभर बोललात. पोरगं पंचविशीच्या आत बाहेर येणार, शिक्षणाची खरी गरज त्याला आहे.

एचआर_ठाणे: त्यांचं बरोबर आहे. पंचविशीच्या मुलानं आधी पदवी करावी, मग एमबीए. त्या वयाचे उमेदवार आम्ही रोज घेतो. पस्तिशीतल्यासाठी जागा मोजक्याच असतात.

निवृत्त_कर्नल: ठीक आहे. पेन्शन नसलेल्यानं, चांगल्या संस्थेत प्रवेश मिळाला तरच, करावं. एवढं मान्य. पण गल्लीतल्या कॉलेजच्या वीकेंड एमबीएला पैसे घालू नका. माझ्या रेजिमेंटच्या एका मेजरनं घातले, आजही सिक्युरिटीतच आहे.

माजी_कॅप्टन_पुणे: हे कालच लिहिलं असतंत तर मी एक शब्द बोललो नसतो, सर. हवालदारसाहेब, पुतण्याचं पदवीला नाव घातलंय का? नसेल तर मुक्त विद्यापीठाचा फॉर्म या सुट्टीतच भरून घ्या.